देह निश्चल, चित्ताचे काय?

मज्झिम निकायातील मारतज्जनीय सुत्तात स्थविर संजीव यांचा प्रसंग येतो. निरोध-समापत्तीत वृक्षातळी बसलेले स्थविर गुराखी व वाटसरूंना मृत वाटले. त्यांनी गवत, लाकडे व शेण रचून अग्नी दिला. रात्र सरल्यावर स्थविर उठले, चीवर झटकून भिक्षाटनास निघाले. त्या लोकांच्या मनात दुष्टता नव्हती. चुकले होते ते अनुमान. महावेदल्ल सुत्त हाच भेद स्पष्ट करते : मृताचे आयु व उष्मा संपतात, इंद्रिये भग्न होतात, समापत्तीतील भिक्खूचे आयु व उष्मा शिल्लक असतात.

तेथे प्रश्न जीविताचा होता. आज रुग्णशय्येपाशी तो जाणिवेचा आहे. मेंदूला जबर इजा झालेले काही रुग्ण डोळे उघडतात, झोपतात, जागे होतात; परंतु सांगितलेले काहीच करीत नाहीत. ही मेंदूमृत अवस्था नव्हे. 2006 साली एड्रियन ओवेन व सहकाऱ्यांनी अशा एका 23 वर्षीय युवतीस टेनिस खेळत असल्याची व घरात फिरत असल्याची कल्पना करण्यास सांगितले. मेंदूतील रक्तप्रवाहाचे बदल टिपणाऱ्या चुंबकीय यंत्रात निरोगी माणसाच्या मेंदूची तीच केंद्रे तिच्याही मेंदूत कार्यरत दिसली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाह्य प्रतिसाद न देणाऱ्या 241 पैकी 60 रुग्णांत, म्हणजे सुमारे चौथ्या हिश्शात, अशी आज्ञानुसारी क्रिया आढळली.

मात्र उलट निष्कर्ष काढू नये. त्याच अभ्यासात प्रत्यक्ष आज्ञा पाळणाऱ्या 112 पैकी केवळ 43 जणांतच यंत्राला ती क्रिया दिसली. यंत्राला न दिसणे म्हणजे जाणीव नसणे नव्हे.

महाराष्ट्राला हा प्रश्न अरुणा शानबाग यांच्यामुळे परिचित आहे. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला; गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या वैद्यांनी त्या मेंदूमृत नसल्याचे व चिरकालीन निश्चेतन अवस्थेचे बहुतेक निकष पूर्ण करीत असल्याचे सांगितले. परिचारिका मात्र त्यांना आपले अस्तित्व जाणवते असे सांगत. न्यायालयाने त्यांचे जीवन संपविण्यास अनुमती नाकारली. 18 मे 2015 रोजी निधन होईपर्यंत सहकारी परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली.

उदगीरसारख्या ठिकाणी असा रुग्ण घरी आणला जातो, तेव्हा यंत्र हाताशी नसते. तथापि एकाच तपासणीवर विसंबू नये. वेगवेगळ्या वेळी पुनःपुन्हा तपासून घ्यावे. आणि तो ऐकत आहे असे समजूनच त्याच्यापाशी बोलावे.