शंभर रुपयांतले चौसष्ट पैसे

देश श्रीमंत कशाने होतो? वर्गात हा प्रश्न टाकला की मुलं म्हणतात, तेल, सोनं, जमीन. आम्ही मग दक्षिण कोरियाचं नाव घेतो. त्यांच्याकडे तेलाचे साठे नाहीत. १९६० च्या सुमारास तोही गरीब देश होता. आज त्यांचे मोबाइल आणि गाड्या आपल्या अहमदपुरात दिसतात. तालीम आणि संशोधनाचा यात मोठा वाटा आहे. कोरिया शंभर रुपयांच्या उत्पन्नातले जवळपास ५ रुपये संशोधनावर घालतो, भारत सुमारे ६४ पैसे.

नवी वस्तू किंवा नवी पद्धत शोधून ती बाजारापर्यंत नेण्याची देशाची ताकद म्हणजे नवोन्मेष क्षमता. एकटा हुशार माणूस पुरत नाही. शिकलेली माणसं, प्रयोगशाळा, पैसा आणि कायदा, चारही जुळावे लागतात.

मुंबईची सिप्ला बघा. ख्वाजा अब्दुल हमीद जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आले आणि १९३५ मध्ये त्यांनी ही कंपनी काढली. पुढे १९७० चा पेटंट कायदा आला. त्यात पेटंट औषधावर नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवायची मोकळीक मिळाली. २००१ मध्ये त्यांचे चिरंजीव डॉ. यूसुफ हमीद यांनी एड्सवरची औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. तोवर त्यांना दहा हजार डॉलरहून जास्त लागत. गरिबांचे जीव वाचले आणि भारतीय औषधांचं नाव जगभर झालं.

जवळचं उदाहरण आपल्या मोंढ्यातच आहे. १९७२ साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने सोयाबीनचे एमएयूएस-७१, एमएयूएस-१६२ असे वाण काढले. जमीन तीच, पण चांगल्या बियाण्याने उतारा वाढतो. एमएयूएस-१६२ तर यंत्राने काढता येतं.

आता आपल्या घरात डोकावू या. लातूर पॅटर्नने मार्क मिळवायला शिकवलं, ते चांगलंच. पण दहावीनंतर मुलगा गॅरेजवर आणि मुलगी घरात, असं अजून किती घरांत होतं? बिघडलेली मोटार चुटकीसरशी जुळवणाऱ्या पोराचा हुनर वाया का जावा? त्याला आयटीआय, डिप्लोमापर्यंत जाऊ द्या. मुलीची प्रयोगवही बंद करू नका.

सहावीपासूनच्या मुलांसाठी केंद्र सरकारची इन्स्पायर मानक योजना आहे. मुलांच्या कल्पना शाळेमार्फत पाठवता येतात आणि निवड झाली तर १०,००० रुपये मिळतात. उद्याच शाळेत जाऊन विचारा.