विश्लेषण : दारू सोडायची आहे, ‘एए’ची मिटिंग शोधायची कशी, तिथे होते काय?

‘उद्यापासून बंद’ असे अनेक घरांनी शेकडो वेळा ऐकलेले असते. सोडणाऱ्याला ते त्या क्षणी खरेच वाटत असते. पण दोन-चार दिवसांत बाटली परत येते. अशा वेळी कुणीतरी सुचवते, ‘एए’ला जाऊन बघ. मग दुसरी भीती समोर येते : तिथे ओळखीचे कुणी भेटले तर?

‘एए’ म्हणजे काय?

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. मद्यपाश सोडवू पाहणाऱ्यांनीच चालवलेली ही संघटना. अमेरिकेत ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरात १९३५ साली बिल विल्सन हे शेअर बाजारातील दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले. दोघेही दारूने बेजार. एका दारुड्याने दुसऱ्याशी मोकळेपणी बोलले, की दोघांचाही आजचा दिवस कोरडा जातो, हा अनुभव त्यांना आला आणि त्यातून ही चळवळ उभी राहिली. सभासद होण्यासाठी एकच अट आहे : दारू सोडण्याची इच्छा. फी नाही, अर्ज नाही, जात-धर्माची चौकशी नाही.

मिटिंगमध्ये नेमके काय घडते?

शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल किंवा एखाद्या संस्थेची खोली. खुर्च्या, चहा आणि साधारण तास-दीड तासाची बैठक. एक जण सूत्रसंचालन करतो. बोलणारा ‘मी अमुक, मी अल्कोहोलिक’ अशी सुरुवात करतो. आडनाव सांगावे लागत नाही. मग तो स्वतःचा अनुभव सांगतो : पिणे कसे वाढले, काय गमावले, आज न पिता कसा आहे. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. पहिल्या दिवशी नुसते ऐकून परत आलात तरी चालते. शेवटी खर्चासाठी पेटी फिरते. ज्याला जमेल त्याने टाकावे. बाहेरच्या देणग्या संघटना घेत नाही.

‘क्लोज्ड’ मिटिंग फक्त दारूची समस्या असलेल्यांसाठी असते; ‘ओपन’ मिटिंगला नातेवाईक आणि इतरांनाही बसता येते. फोनवर आधी तेवढे विचारून घ्यावे.

ओळखीचे कुणी दिसले तर?

दिसले, तर तेही त्याच कारणासाठी तिथे आले आहेत, हे ध्यानात घ्यावे. कोण आले आणि कोण काय बोलले, हे बाहेर सांगायचे नाही, हा तिथला मूलभूत दंडक. तरीही गावात संकोच वाटत असेल, तर शेजारच्या तालुक्याच्या ठिकाणचा गट गाठता येतो. ऑनलाइन मिटिंगाही होतात.

मिटिंग शोधायची कशी?

‘एए’च्या भारतातील संकेतस्थळावर हेल्पलाइन दिलेल्या आहेत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागातही चौकशी करावी. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकांवर मोफत सल्ला मिळतो. पुण्यातील मुक्तांगण (स्थापना १९८६) आणि मुंबईतील कृपा फाउंडेशन (स्थापना १९८१) या संस्थांकडेही विचारणा करता येते. पहिला गट जुळला नाही, तर दुसरा पाहावा. प्रत्येक गटाचा सूर वेगळा असतो.

आधी डॉक्टर की आधी मिटिंग?

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद करणे धोक्याचे ठरू शकते. हात थरथरणे, घाम, झोप उडणे यापासून सुरुवात होते. काहींना पहिल्या दोन दिवसांत झटके येतात. दोन-तीन दिवसांनी भ्रम, भास आणि प्रचंड अस्वस्थता येऊ शकते. हे जिवावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टरांना गाठावे. मिटिंग औषधोपचाराची जागा घेत नाही आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे तिथल्या कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत.

एक धोक्याची सूचना घरच्यांसाठी. चहा-भाजीत गुपचूप औषध मिसळून दारू सोडवण्याचे प्रकार आजही होतात. डायसल्फिराम पोटात असताना माणूस प्यायला, तर रक्तदाब घसरण्यापासून हृदयावर ताण येण्यापर्यंत काहीही होऊ शकते. रुग्णाच्या नकळत हे औषध देऊ नये.

उपयोग होतो का?

कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत १०,५६५ जण सहभागी होते. ‘एए’शी जोडून देणारे पद्धतशीर उपचार पूर्ण दारूमुक्त राहण्यासाठी इतर प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरल्याचे त्यात दिसले. अर्थात, सगळ्यांनाच हा मार्ग मानवत नाही. बारा पायऱ्यांमधील ‘परमेश्वर’ हा शब्द काहींना अडतो. त्यावर संघटनेचे उत्तर आहे : ज्याला जसा समजेल तसा. अनेक नास्तिक गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानतात.

पुन्हा प्यायलो तर?

तर पुन्हा जायचे. दार बंद होत नाही. जुना सभासद ‘स्पॉन्सर’ म्हणून मदत करतो. तलफ आली की बाटलीआधी त्याला फोन लावायचा. ‘आयुष्यभर पिणार नाही’ ही शपथ इथे मागितली जात नाही. फक्त आजचा दिवस.

आणि घरचे?

तो जायला तयार नसला, तरी तुम्ही जाऊ शकता. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ हे स्वतंत्र गट आहेत. किशोरवयीन मुलांसाठी ‘अल-अटीन’. त्याचे पिणे तुमच्यामुळे नाही आणि ते थांबवणे एकट्या तुमच्या हाती नाही, हे तिथे समजते. उधारी फेडणे, साहेबांना खोटा फोन करणे यातून हात काढून घेण्याचे बळही तिथेच मिळते. मात्र मारहाण होत असेल, तर आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता पाहावी. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत.