न पेटणाऱ्या इंजिनाची उलटतपासणी

स्टुटगार्टला राहायला आल्यावर मी १९८५ची एक जर्मन स्पोर्ट्‌स कार घेतली. जुलैतल्या एका दुपारी ती सुरूच होईना. स्टार्टर जोमाने फिरे, इंजिन पेटत नसे. मी अंदाजाने पेट्रोल पंप बदलला. संध्याकाळी गाडी सुरू झाली आणि माझे निदान बरोबर ठरले असे वाटले. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. गॅरेजवाल्याने कंट्रोल युनिट बदलायला सांगितले. तो खर्च मला झेपणारा नव्हता. गाडी भंगारात देण्याचा विचार मनात येऊ लागला.

तेव्हा मी अंदाज सोडून क्रम धरला. तो समजायला थोडा इतिहास हवा. बॉश कंपनीने १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधनफवारणी आणली. १९७९च्या मोट्रॉनिकमध्ये फवारणी आणि ठिणगी दोन्ही एकाच कंट्रोल युनिटकडे आल्या. माझ्या गाडीची रचनाही तशीच. फ्लायव्हीलजवळचा सेन्सर इंजिन फिरत असल्याची वर्दी देतो. ती मिळाली तरच युनिट ठिणगी पाडते, इंजेक्टर उघडते आणि रिलेमार्फत पंप चालवते. अपघातात इंजिन थांबले तर पंपानेही थांबावे, हा त्यामागचा हेतू.

म्हणून पहिला प्रश्न असा, की नेमके काय बंद आहे? ठिणगी आणि इंधन दोन्ही नसतील, तर संशय सेन्सरवर किंवा युनिटच्या वीजपुरवठ्यावर. एकच नसेल, तर फक्त त्या वाटेवर.

दुपारच्या उन्हातच तपासले. टेस्टरवर ठिणगी दिसली. स्टार्टर फिरताना टॅकोमीटरचा काटा थरथरत होता. म्हणजे सेन्सर आणि युनिट जागे होते. पंपाच्या तारेवर मात्र मल्टिमीटर शून्य व्होल्ट दाखवत होता. रिले उपसून, फ्यूज बसवलेल्या तारेने पंपाच्या दोन खाचा जोडल्या. पंप लगेच गुणगुणू लागला.

रिलेचे झाकण उघडले. भिंगाखाली एका पिनेभोवती सोल्डरला केसाएवढी गोल चीर दिसली. उन्हाने ती उघडत असे, गारव्याने मिटत असे. संध्याकाळचे कोडेही सुटले. सोल्डर नव्याने दिले आणि भर दुपारी गाडी सुरू झाली.

काढून टाकलेला पंप अजून माझ्या टेबलाखाली आहे. त्याच्यापर्यंत वीज पोहोचते का, एवढेही मी पाहिले नव्हते.