तेलाविना तेजी: तेर गावाच्या नऊ चटपटीत गोष्टी

जमिनीत तेल लागलं की चार घरांचं गाव बघता बघता शहर होतं, हे आपण ऐकून आहोत. धाराशिव जिल्ह्यात तेलाची विहीर काही लागली नाही. पण तशीच तेजी इथल्या एका गावानं दोन हजार वर्षांपूर्वी अनुभवली, तीही कापड, माती आणि हातातल्या कसबाच्या जोरावर. तेरणा नदीकाठचं हे गाव म्हणजे तेर, म्हणजेच जुनं तगर.

1. ग्रीक पुस्तकात मराठवाड्याचं गाव
इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे दर्यावर्दी व्यापाऱ्यांसाठीचं माहितीपुस्तक ग्रीक भाषेत लिहिलं गेलं. लेखकाचं नाव कुणालाच माहीत नाही. पण दख्खनच्या बाजारपेठांमध्ये त्यानं दोन नावं ठळकपणे घेतली, पैठण आणि तगर. तगर तर त्याच्या लेखी फार मोठं शहर होतं. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहेच.

2. माल काय, तर कापड!
पैठणहून मौल्यवान खडे जायचे आणि तगरहून कापड. रोजच्या वापराचं जाडंभरडं कापडही भरपूर आणि तलम मलमलही तऱ्हेतऱ्हेची. शिवाय समुद्रकिनाऱ्याकडून आलेला मालही तगरमार्गे पुढे जाई. म्हणजे गाव विणणाऱ्यांचं होतंच, घाऊक पेठेचंही होतं.

3. भडोच तीस दिवसांवर
हा माल जहाजावर चढायचा तो गुजरातेतल्या भडोच बंदरात. पेरिप्लसच्या हिशेबानं भडोच ते पैठण वीस दिवस आणि तिथून पूर्वेला तगर आणखी दहा दिवस. धड रस्ता नसलेल्या मुलखातून गाड्या हाकत हा प्रवास व्हायचा. एवढं करून परवडत होतं, यावरूनच त्या कापडाला किती मागणी होती ते कळतं.

4. पाँपेईतल्या बाईची नातेवाईक
इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि इटलीतलं पाँपेई राखेत गाडलं गेलं. 1938 मध्ये तिथल्या एका घरात हस्तिदंताची, दागिन्यांनी मढलेली भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली आहे, दुसरी जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. त्यामुळे पाँपेईची मूर्ती आपल्याच भागातल्या कारागिरांनी घडवली असावी, असं काही अभ्यासक मानतात.

5. दोन साच्यांची जादू
तेरच्या मातीच्या मूर्ती हातात घेण्याआधी नजरेनंच निरखाव्यात. कारागीर पुढची बाजू एका साच्यात दाबायचा, मागची दुसऱ्यात आणि ओलं असतानाच दोन्ही अर्धुकं जोडायचा. मूर्ती आतून पोकळ, वजनाला हलकी आणि भाजताना तडकण्याची भीती कमी. काही मूर्ती तर पांढऱ्याशुभ्र केओलिन मातीच्या आहेत. केसांची वेणीफणी, कानातले, कमरेचे दागिने असं सगळं त्यात टिपलेलं दिसतं. रोमन नाण्यांच्या धर्तीवर केलेली मातीची पदकंही इथं मिळाली. परदेशी फॅशन गावात पोचली होती तर!

6. गाव दूर, पण अभिमान मोठा
पुढे रोमशी चालणारा व्यापार आटला, त्या काळी इथं राज्य करणाऱ्या सातवाहन राजांची सत्ता गेली आणि तेजी ओसरली. नावाचं वजन मात्र टिकलं. कित्येक शतकांनंतर कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणजे श्रेष्ठ अशा तगर नगराचे स्वामी ही बिरुदावली दिमाखात मिरवत होते.

7. हरवलेला पत्ता
मधल्या काळात तगर नेमकं कुठलं, हेच लोक विसरले. विद्वानांनी दौलताबाद, जुन्नर, धारूर अशी एकेक नावं पुढे केली. अखेर 1901 मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, असं मांडलं. नंतरच्या उत्खननांत सातवाहनकालीन वस्ती, विटांचा स्तूप, मणी आणि शंखाच्या बांगड्या उजेडात आल्या.

8. विटांचं देऊळ, हत्तीच्या पाठीसारखं
त्रिविक्रम मंदिर बघायला जाल तर आधी मागच्या बाजूला जा. गाभाऱ्याची भिंत अर्धगोल वळते आणि वरचं छप्पर कमानीसारखं फुगीर आहे. विटांच्या इतक्या जुन्या वास्तू महाराष्ट्रात फार थोड्या उभ्या आहेत. हा मुळात बौद्ध चैत्य होता, असंही अनेक अभ्यासकांचं मत आहे. गावातलं उत्तरेश्वर मंदिरही विटांचंच.

9. मडकी पारखणारे काका
मातीशी असलेलं या गावाचं नातं संतपरंपरेतही उतरलं. संत गोरा कुंभार तेरचेच, त्यांची समाधीही इथंच. संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा घराघरात ठाऊक आहे. चैत्रात त्यांच्या पुण्यतिथीला तेरला यात्रा भरते.

हा सगळा ठेवा आज पाहायला मिळतो तो गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळे. शेतात, पांढरीत सापडणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या. त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात त्या मांडल्या आहेत. तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघालात तर एक दिवस तेरसाठी जास्तीचा ठेवा, मुलांना सोबत न्या. आणि तेरच्या शिवारात नांगरताना एखादा मणी, मूर्तीचा तुकडा किंवा नाणं वर आलं, तर ते विकू नका, संग्रहालयात नेऊन द्या. तगरचा इतिहास अजून पुष्कळसा जमिनीखालीच आहे.