कालवड हवी, मग कन्या का नको?

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत आम्ही गावी गेलो होतो. गोठ्यातली पहिलारू गाय विणार म्हणून घरात कोण गडबड! रात्री अकराला थोरल्या जाऊबाई हात पुसत आल्या नि म्हणाल्या, "कालवड झाली गं!" सासूबाईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय? नवल हे, की कालवडच होणार याची नऊ महिने आधीच नव्वद टक्के खात्री होती!

पूर्वी गोऱ्हा झाला तरी औताला लागायचा. आता ट्रॅक्टर आले. संकरित गाईच्या गोऱ्ह्याला विकतची वैरण घालणं कुणाला परवडतं? शिवाय 2015 पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीलाही बंदी आहे. मग बिचारे मोकाट सोडले जातात. कालवड मात्र उद्याचं दूध!

आता ही किमया कशी होते ते पाहू. वळूच्या शुक्रजंतूंत निम्मे 'एक्स', निम्मे 'वाय'. एक्सपासून कालवड, वायपासून गोऱ्हा. एक्समध्ये आनुवंशिक द्रव्य सुमारे 3.8 टक्के जास्त असतं. विशिष्ट रंग लावून शुक्रजंतू एकेक करून लेसर किरणांपुढून सोडले की एक्स किंचित जास्त चमकतो. मग त्या थेंबांना विद्युतभार देऊन वेगळं काढतात. आपण तांदूळ निवडतो तसंच, फक्त सुपाऐवजी यंत्र! अमेरिकेच्या शेतीखात्यातल्या शास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात हे तंत्र बसवलं. 1989 मध्ये अशा निवडीतून सशाची पिल्लं जन्मल्याचं त्यांनी जाहीर केलं. आपल्याकडचं स्वदेशी तंत्र 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशिमच्या कार्यक्रमात सुरू झालं. त्यानं कांडीमागे सुमारे दोनशे रुपये वाचतील, असं तेव्हा सांगण्यात आलं.

तुमच्या माहेरी-सासरी गोठा असेल, तर एवढं ध्यानात ठेवा. साध्या कांडीत साधारण दोन कोटी शुक्रजंतू असतात, या कांडीत वीसएक लाखच. निवडताना तेही थोडे दमलेले असतात. म्हणून गाभण राहण्याचं प्रमाण कमी. निरोगी, अंगानं भरलेल्या कालवडीलाच ही कांडी द्यावी, माज नीट ओळखावा आणि जाणत्या माणसाकडूनच भरवून घ्यावी. आमची सुद्धा पहिल्या खेपेला उलटलीच होती.

दुसऱ्या दिवशी खरवस वाढताना सासूबाई म्हणाल्या, "सगळं वळूवर असतं बाई, गाय बिचारी काय करणार?" जाऊबाईंचा हात थांबला. त्यांना तिन्ही मुली. "हिच्या कुशीत मुलीच" हे त्यांनी वर्षानुवर्षं ऐकलेलं.

मला राहवेना. म्हटलं, "आई, माणसातही तसंच असतं. मुलगा की मुलगी, ते बापाकडून ठरतं."

सासूबाई कितीतरी वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही गं." जाऊबाई काहीच बोलल्या नाहीत. डोळे पुसून त्यांनी सासूबाईंच्या वाटीत आणखी एक वडी घातली.

गोठ्यातली निवड ही दुधाच्या हिशेबाची. घरात ती चालत नाही. माणसांतल्या लिंगनिवडीला 1994 च्या कायद्यानं बंदी आहे. 2003 च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेपूर्वीच्या निवडीलाही. पण घरातले टोमणे कायद्यानं थांबत नाहीत, ते आपणच थांबवायचे. तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणी सुनेला बोल लावला, तर ही गाईची गोष्ट जरूर सांगा!