चाक मोठे की चाक योग्य?

वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत तत्त्वज्ञान आणि इतिहास यांच्या शेजारी 'पिकअपचे चाक' हा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. परंतु ताडकळससारख्या गावाचा सारा व्यवहार चाकावर चालतो, हे आपण जाणताच. सोयाबीन, कापूस, हळद शेतातून मोंढ्यात जाते ती चाकावर. पूर्णेच्या स्टेशनावर माणूस पोचतो तो चाकावर, आणि अडलेल्या बाळंतिणीला रात्री परभणीच्या दवाखान्यात नेतात तेही चाकावरच. ज्या वस्तूवर इतके अवलंबून आहे, तिची निवड कशी करावी याचा तासभर विचार करणे काही वावगे नाही.

अलीकडे चारही चाकांना ओढ असलेली, म्हणजे लोक ज्याला 'फोर बाय फोर' म्हणतात तशी पिकअप घेण्याकडे शेतकरी तरुणांचा कल वाढला आहे. ते योग्यच आहे. पावसाळ्यात आपल्या शिवारातल्या वाटा कशा असतात हे सांगायला नको. मात्र गाडी दारात आली की पहिला विचार होतो तो चाके बदलण्याचा. मोठी, रुंद चाके आणि चकचकीत रिम यांनी गाडी उठून दिसते, यात शंका नाही. प्रश्न एवढाच की ती चालते कशी, थांबते कशी आणि भार पेलते कसा.

आपल्या जुन्या बैलगाडीकडे पाहा. चाकाचा तुंबा, आरे आणि पुठ्ठे सुतार घडवी. लोखंडी धाव चढवण्याचे काम लोहाराचे. तो चाकाचा घेर नीट मोजी, धाव किंचित आखूड ठेवी, ती लाल होईपर्यंत तापवून चाकावर बसवी आणि पाणी ओतून आवळी. धाव थोडी सैल राहिली तर निसटे, फार आखूड झाली तर आरे पिचकत. घेर आधी मोजायचा आणि शोभेचा विचार मागाहून करायचा, हा त्या कारागिराचा नियम होता. जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये बेलफास्ट येथे हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले, तेव्हापासून धावेची जागा हळूहळू हवेने घेतली. साहित्य बदलले, लोहाराचा नियम मात्र बदलला नाही.

आता टायरवरचा आकडा वाचायला शिकू. महिंद्रांच्या बोलेरोच्या टायरवर '२१५/७५ आर १५' हा आकडा आपण पुष्कळदा पाहिला असेल. यांतील २१५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ हे शेकडा प्रमाण आहे: टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ हा रिमचा व्यास, इंचांत. भिंत वर एक आणि खाली एक, मध्ये रिम. दोन भिंतींचे ३२२.५ आणि रिमचे ३८१ मिळून टायरची उभी उंची झाली सुमारे ७०३ मिलिमीटर. शाळेतल्या मुलालाही हा हिशोब येईल. आपल्या पिकअपचा आकडा वेगळा असू शकेल, रीत हीच.

या टायरऐवजी अनेक जण २३५/७५ आर १५ बसवतात. त्याची उंची येते सुमारे ७३३ मिलिमीटर. म्हणजे वाढ ३० मिलिमीटरची, सव्वाचार टक्क्यांची. यातून काय साधले? गाडीचे पोट जमिनीपासून वर उचलले जाते ते या वाढीच्या निम्म्याने, म्हणजे अवघ्या १५ मिलिमीटरने. कारण आस चाकाच्या मध्यावर असतो. बोटभर उंची मिळाली. आणि काय गेले? चाकाचा घेर वाढल्यामुळे एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते. स्पीडमीटरचा काटा ६० दाखवील तेव्हा गाडी खरोखर साडेबासष्टच्या वेगाने धावत असेल. इंजिनाची ओढ रस्त्यापर्यंत पोचते ती सुमारे चार टक्के कमी, म्हणजे भरल्या गाडीने चढ चढताना गिअर उतरावा लागणार. ब्रेकचेही तेच. चाक मोठे झाले, ब्रेकची थाळी मात्र तेवढीच राहिली. तेवढेच थांबायला पाय अधिक जोराने दाबावा लागणार. सव्वाचार टक्के हा फरक पेलण्याजोगा आहे. सात-आठ टक्क्यांवर गेलो की हे सारे दोष दुप्पट होतात, आणि गाडीचा तोल वर सरकल्याने वळणावर कलंडण्याचे भय वाढते ते निराळेच.

तेव्हा निवडीचा क्रम कोणता असावा? बाजारात तो उलटा चालतो: आधी रिम पसंत पडते, मग तिच्यावर बसेल तो टायर घेतला जातो, आणि भाराचा विचार शेवटी, किंवा नाहीच. माझ्या मते खरा क्रम असा: पहिल्याने भार, मग उंची, मग रुंदी, आणि सर्वांत शेवटी रिम.

भाराचे गणित टायरवरच लिहिलेले असते. मापाच्या पुढे आणखी एक आकडा आणि एक अक्षर असते. तो आकडा भाराची खूण आहे. १०० म्हणजे एका टायरने ८०० किलो पेलावेत. १०८ म्हणजे १००० किलो. समजा, माल भरल्यावर पिकअपच्या मागच्या आसावर २००० किलो भार येतो. मग प्रत्येक मागच्या टायरवर १००० किलो आले. तेथे १०० खुणेचा टायर कितीही रुंद आणि रुबाबदार दिसला तरी तो २०० किलोंनी अपुरा आहे. पिकअपला कंपनी पुष्कळदा ७.०० आर १५ अशा जातीचा मालवाहू टायर देते. तो दिसायला अरुंद असतो, परंतु त्याच्या अंगातले थर भार पेलण्यासाठी बांधलेले असतात. त्याला काढून मोटारीचा रुंद टायर बसवणे म्हणजे हमालाला काढून त्याच्या जागी पैलवानाचे चित्र उभे करणे होय. अपुऱ्या टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात अधिक वाकते, वाकण्याने तापते, आणि उन्हाळ्यात वेगाने जाताना फुटते. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यानंतर तेथल्या अपघातांच्या चर्चेत टायर फुटण्याचे कारण वारंवार पुढे आले, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले आहे.

आता रुंदी. येथे आपल्या मातीचा विचार आवश्यक आहे. गोदावरीच्या खोऱ्यातली ही काळी जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते, कारण तिच्यातील चिकणमातीचे कण आपल्या थरांच्या मध्ये पाणी ओढून घेतात. पावसाळ्यात हीच माती चाकाला चिकटून धोंड्यासारखी घट्ट होते. रुंद टायर चिखलावर तरंगतो आणि अरुंद टायर चिखल कापून खालच्या टणक थरापर्यंत जातो, असे सांगतात. दोन्ही खरे आहे. पण खाली टणक थर असेल तरच कापत जाण्याला अर्थ. मुरमाच्या पांदीवर वरवर चिखल असेल तर अरुंद टायर चांगला. दुसऱ्या महायुद्धात सर्व मुलखांत नाव काढलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर मुंबईत महिंद्रांनी जुळवलेल्या जीपचा मूळ टायर ६.००-१६ मापाचा, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

काळ्या मातीत आणखी एक अडचण आहे आणि ती दुकानदार सहसा सांगत नाही. टायर आणि वरचे मडगार्ड यांच्यामधली मोकळी जागा चिखल झटकून टाकण्यासाठी असते. मोठा टायर बसवला की ती जागा भरते. कोरड्या रस्त्यावर सारे ठीक दिसते. परंतु चिकट चिखलात माती त्या फटीत ठासून बसते आणि चाक फिरायचेच थांबते. म्हणून आपल्याकडे टायर निवडताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, गाडी भरलेली असताना, चारही बाजूंनी निदान दोन-तीन बोटे जागा राहते की नाही हे पाहिलेच पाहिजे. टायरच्या नक्षीचेही असेच आहे. खोल आणि दूर दूर गोट्यांची नक्षी चिखल सोडून देते, पण डांबरी रस्त्यावर ती आवाज करते, लवकर झिजते आणि ओल्या डांबरावर कमी पकडते. ज्याची गाडी वर्षातले दहा महिने डांबरावर चालते, त्याने मध्यम नक्षीचा टायर घेणे शहाणपणाचे.

याहून स्वस्त उपाय हवेचा आहे. टायर जमिनीला किती टेकतो हे मुख्यतः हवेच्या दाबावर ठरते. चाकावर ६०० किलो भार आहे आणि हवा ३५ पौंड आहे, असे धरा. टायर जमिनीला ढोबळ मानाने २४४ चौरस सेंटिमीटर टेकेल. हवा २० पौंडांवर आणली तर तोच टायर सुमारे ४२५ चौरस सेंटिमीटर टेकतो. नवा टायर नाही, नवी रिम नाही, एक पैसा खर्च नाही, आणि पाऊल पाऊणपट वाढले! परंतु ही युक्ती रिकाम्या किंवा हलक्या गाडीची, चिखलातल्या संथ चालीची आहे. रस्त्याला लागण्यापूर्वी हवा पुन्हा भरली पाहिजे. नाहीतर मघाशी सांगितलेली उष्णता आपला हिशोब वसूल करील. पाना आणि जॅकबरोबर हवेचा एक छोटा पंप आणि दाबमापक ठेवणे हे हजारोंच्या रिमपेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीचा एक खास नियम आहे. अशा पुष्कळ पिकअपमध्ये फोर बाय फोर लावले की पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी घट्ट जुळतात. दोघांना सारखेच फिरावे लागते. आता पुढे २१५ चे आणि मागे २३५ चे टायर असतील, तर एका किलोमीटरला पुढचे चाक सुमारे ४५२ फेरे मागते आणि मागचे ४३४. अठरा फेऱ्यांचा हा तंटा गिअरपेटीत सोडवला जातो आणि तिचे दात त्याची किंमत मोजतात. चिखलात चाक घसरून थोडी सुटका मिळते. डांबरावर तीही नाही. म्हणून टायर बदलायचे तर चारही एका मापाचे, एका जातीचे, आणि झीजही सारखी असलेले. दोन झिजलेले आणि दोन कोरे असे चालणार नाही. आठ मिलिमीटर नक्षी झिजली की उंचीत सव्वादोन टक्के फरक पडतो. पाचवे चाकही त्याच मापाचे हवे. या पाचव्या चाकाला आपण स्टेपनी म्हणतो तो शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाकाचा हा धंदा सुरू झाला.

राहिली रिम. रिम मोठी आणि टायरची उंची तेवढीच, म्हणजे भिंत बारीक झाली. बारीक भिंत शहरातल्या गुळगुळीत रस्त्याला शोभते. खडीच्या वाटेवर खड्ड्याचा घाव सरळ रिमवर बसतो. म्हणून शिवारात जाणाऱ्या गाडीला रिम मूळ मापाचीच बरी. लोखंडी रिम वाकली तर गावातला कारागीरही कामापुरती सरळ करतो; मिश्रधातूची रिम दिसते सुंदर, पण जबर घावाने तडकते. रिम रुंद करताना ती बाहेर किती येते हेही पाहावे. चाक इंचभर जरी बाहेर आले तरी बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर ताण वाढतो, आणि चिखल थेट दारावर उडतो.

कायद्याचाही विचार हवा. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली, केरळातील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस चाकाचे माप पाहतो, हेही विसरू नये. कंपनीने त्याच गाडीच्या एखाद्या प्रकाराला दिलेले मोठे माप घेणे हा सर्वांत निर्वेध मार्ग. ते माप बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर आणि गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते.

श्रोतेहो, पिकअपच्या मागच्या हौद्यात आपल्याकडे केवळ पोती नसतात. वेचणीला जाणाऱ्या बाया असतात, लग्नाचे वऱ्हाड असते, शाळेची पोरे असतात. हौद्यात माणसे बसवू नयेत असा नियम आहे आणि तो योग्य आहे. पण ती बसतात, हे आपण सारे पाहतो. ती माणसे चाकाची निवड करीत नाहीत. त्या निवडीचा जो काही परिणाम होईल तो मात्र आधी त्यांच्या वाट्याला येतो. म्हणून नव्या चाकाच्या दुकानात शिरताना 'कोणते चांगले दिसेल?' हा प्रश्न दुसरा ठेवावा. पहिला प्रश्न असावा: 'माझ्या गाडीवर भार किती, आणि ती कोणत्या वाटेने जाते?' या प्रश्नाचे उत्तर ज्याने घरून लिहून नेले, त्याला कोणताही दुकानदार फसवू शकणार नाही.