विश्लेषण : उत्तनची वाट पालघरच्या उमेदवारीपर्यंत पोहोचते का?

बोईसरहून लोकल पकडून विरारला गाडी बदलली की साधारण दीड तासात भाईंदर येते. तिथून पश्चिमेला उत्तनकडे बस आणि रिक्षा जातात. उत्तनच्या केशवसृष्टी परिसरात रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. खाडी ओलांडली की वसई, म्हणजे पालघर जिल्हा. राजकारणात उतरू पाहणाऱ्या उजव्या विचारांच्या तरुणांसाठी देशात ज्या मोजक्या प्रशिक्षण संस्था आहेत, त्यांतील सर्वात जुन्यांपैकी एक इतक्या जवळ आहे. गेल्या दहा वर्षांत सरकारी फेलोशिप आल्या, नेतृत्वाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आले, निवडणूक व्यवस्थापनाच्या कंपन्या आल्या. विशीतल्या मुलांच्या ओळखपत्रावर ‘फेलो’ हा शब्द दिसू लागला. त्यातून त्यांचे आयुष्य कुठे जाते?

‘उजवे’ म्हणजे नेमके कोण?

इंग्रजीतल्या ‘कन्झर्व्हेटिव्ह’ला मराठीत ‘पुराणमतवादी’ म्हणतात, पण पालघरमधला एकही तरुण स्वतःला तसे म्हणवून घेणार नाही. तो ‘राष्ट्रवादी विचारांचा’, ‘हिंदुत्ववादी’ किंवा नुसता ‘संघाचा’ असतो. कमी कर, कमी सरकार, खुला बाजार या अर्थाचा उजवा पक्ष आपल्याकडे १९५९ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र पक्ष होता. राजाजी आणि मिनू मसानी यांच्यानंतर तो फार टिकला नाही. आज ज्यांना उजवे म्हटले जाते, त्यांची जडणघडण मुख्यतः रा. स्व. संघाच्या परिवारातील संस्थांत झालेली असते, आणि त्या संस्थांना तरुण घडवण्याचा अनुभव फेलोशिप हा शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

पूर्वी नेतृत्व कसे घडत असे?

तेव्हाचा शब्द होता ‘पूर्णवेळ’. अखिल भारतीय विद्यार्थी परिषद १९४९ ची. पदवी झाली की एक-दोन वर्षे परिषदेला द्यायची, दुसऱ्याच जिल्ह्यात जायचे, ओळखीच्या कुटुंबांत जेवायचे, एसटीने फिरायचे. पगार नाही, प्रमाणपत्र नाही. चंद्रकांत पाटील आणि विनय सहस्रबुद्धे हे अशा पूर्णवेळ कार्यकर्त्यांपैकी. पाटील मंत्री झाले. सहस्रबुद्धे यांनी बराच काळ म्हाळगी प्रबोधिनीची धुरा सांभाळली आणि २०१६ मध्ये ते राज्यसभेवर गेले.

पालघर जिल्ह्यात या पद्धतीला आणखी एक रूप होते, ते म्हणजे वसतिगृह. तलासरी-डहाणू हा लाल बावट्याचा पट्टा. १९४५ च्या वारली आंदोलनापासून शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचे काम इथे मुरलेले. त्याच तलासरीत माधवराव काणे यांनी आदिवासी मुलांसाठी वनवासी कल्याण केंद्राचे काम उभे केले. त्या केंद्रातून पुढे आलेले चिंतामण वनगा वकील झाले आणि १९९६, १९९९ व २०१४ अशा तीन वेळा लोकसभेवर निवडून गेले, मधल्या काळात आमदारही होते. एका वसतिगृहाने खासदार घडवल्याचे इतके ठळक उदाहरण राज्यात फार नाही.

दोन्ही बाजूंची रीत मात्र सारखीच होती. डहाणूचे माकप आमदार विनोद निकोलेही पक्षाचे पूर्णवेळ कार्यकर्तेच. विचार वेगळा, पण पाड्यावर वर्षानुवर्षे राहणे तेच.

उत्तनमध्ये काय होते?

रामभाऊ म्हाळगी हे ठाण्याचे खासदार. आजच्या पालघरचा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर स्वतंत्र जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. आपण काय काम केले याचा हिशेब मतदारांपुढे ठेवणारे लोकप्रतिनिधी अशी म्हाळगींची ख्याती होती. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावाने प्रबोधिनी सुरू झाली. नगरसेवक, सरपंच, आमदार, स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते यांची प्रशिक्षणे तिथे होतात, आणि इतर पक्षांचे लोकप्रतिनिधीही येतात. संस्थेचे वैचारिक कूळ मात्र लपलेले नाही.

२०१७ मध्ये प्रबोधिनीने ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ डेमोक्रॅटिक लीडरशिप’ सुरू केली. नेतृत्व, राजकारण आणि शासनव्यवहार यांचा हा निवासी, सशुल्क, पदव्युत्तर पातळीचा अभ्यासक्रम. विधिमंडळाचे कामकाज, अर्थसंकल्प वाचणे, प्रचाराचे नियोजन, भाषण, माध्यमे, संशोधन-टिपण लिहिणे असे त्याचे स्वरूप. शुल्क लाखाच्या पुढचे. ‘पूर्णवेळ’ आणि हा अभ्यासक्रम यांतला फरक इथेच आहे. पूर्वी संघटना तुम्हाला पोसत असे, आता शिकण्याचे पैसे तुम्ही भरता. त्यामुळे शिकून झाल्यावर नोकरीची अपेक्षा येते, आणि ती गैर म्हणता येणार नाही.

मुख्यमंत्री फेलोशिप यात बसते का?

काटेकोरपणे पाहिले तर नाही. ती सरकारी योजना आहे आणि निवड परीक्षा व मुलाखतीतून होते, विचारधारेवरून नाही. देवेंद्र फडणवीस यांच्या पहिल्या कार्यकाळात, २०१५ मध्ये ती सुरू झाली. वय २१ ते २६, किमान ६० टक्के गुणांची पदवी, एक वर्षाचा कामाचा अनुभव, मराठी येणे आवश्यक. २०२५-२६ साठी ६० जागा आणि प्रवासखर्चासह महिना ६१,५०० रुपये असे स्वरूप ठरले. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा एखाद्या विभागात बसून वर्षभर काम करायचे, सोबत आयआयटी मुंबईचा अभ्यासक्रम.

तरीही ती इथे सांगावी लागते, कारण सत्तांतराचा फटका तिला बसला. महाविकास आघाडी सरकारने २०२० मध्ये ती बंद केली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे मधल्या काळात पदवीधर झालेल्या मुलांची एक फळी वयाच्या अटीत अडकून बाहेर गेली. योजना सरकारची असली तरी लोकांनी तिला एका नेत्याच्या नावाशी जोडले आणि राजकारणानेही तसेच केले.

पुढे काय होते?

फेलोशिपमधून तीन गोष्टी हमखास मिळतात : ओळखी, भाषा आणि कागद हाताळण्याची सवय. शासन निर्णय कसा वाचायचा, तारांकित प्रश्न कसा तयार करायचा, प्रस्ताव कोणत्या टेबलावर अडकतो, हे ज्याला कळते त्याला आमदार-खासदारांच्या कार्यालयात मागणी असते. काही जण मंत्र्यांच्या कार्यालयात जातात, काही जण सल्लागार कंपन्यांत, काही कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व विभागात, आणि बरेच जण पुन्हा स्पर्धा परीक्षेकडे. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीआधी प्रशांत किशोर यांच्या ‘सिटिझन्स फॉर अकाउंटेबल गव्हर्नन्स’मध्ये चांगल्या नोकऱ्या सोडून आलेल्या तरुणांनी नरेंद्र मोदींच्या प्रचाराचे काम केले. त्यानंतर निवडणूक हा महाराष्ट्रातही करिअरचा विषय झाला.

हे सगळे पडद्यामागचे काम आहे. मंचावर बसणारा आणि भाषणाचे मुद्दे लिहून देणारा, यांत फेलोशिप बहुतेक वेळा दुसऱ्याला घडवते.

पालघरमध्ये तिकिटे कोणाला मिळाली?

जानेवारी २०१८ मध्ये वनगा यांचे निधन झाले. पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र श्रीनिवास शिवसेनेकडे गेले आणि भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना उमेदवारी दिली. गावित २९,५७२ मतांनी जिंकले. पुढच्याच वर्षी तेच गावित शिवसेनेच्या चिन्हावर खासदार झाले. २०२४ मध्ये भाजपने डॉ. हेमंत सवरा यांना उभे केले. ते अस्थिरोगतज्ज्ञ आणि माजी आदिवासी विकासमंत्री विष्णू सवरा यांचे पुत्र. ते १ लाख ८३ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. त्याच वर्षी वसईत हितेंद्र ठाकूर यांचा पराभव करणाऱ्या स्नेहा दुबे-पंडित या माजी आमदार विवेक पंडित यांच्या कन्या.

कोणाची पात्रता कमी लेखण्यासाठी हे सांगितलेले नाही. डॉक्टर खासदार असणे वाईट नाही. पण उमेदवारी ठरताना घराणे, जिंकण्याची क्षमता आणि युतीचे जागावाटप या तीन तराजूंवर माणूस तोलला जातो. अभ्यासक्रमाच्या प्रमाणपत्राला तिथे वेगळे पारडे नाही.

बोईसरच्या तरुणासाठी यात वेगळे काय?

जिल्ह्यात विधानसभेच्या सहा जागा आहेत. डहाणू, विक्रमगड, पालघर आणि बोईसर या चार अनुसूचित जमातींसाठी राखीव. वसई आणि नालासोपारा खुल्या. लोकसभेची जागाही राखीव. आता तारापूर औद्योगिक वसाहतीत किंवा अणुऊर्जा केंद्रात नोकरी करणाऱ्याचा, बाहेरून येऊन बोईसरला स्थायिक झालेल्या घरातला मुलगा डोळ्यांसमोर आणा. इंग्रजी बरे आहे, शुल्क भरण्याची घरची तयारी आहे, तो उत्तनला जाऊ शकतो. पण स्वतःच्या गावातून तो विधानसभा लढवू शकत नाही. त्याच्यासाठी फेलोशिपची वाट कार्यालयाकडेच जाते.

याउलट मोखाड्याची किंवा तलासरीची आदिवासी मुलगी. तिच्यासाठी जागा राखीव आहे, पण तिथपर्यंतच्या पायऱ्या नाहीत. ६० टक्के, एक वर्षाचा अनुभव, ऑनलाइन परीक्षा, किंवा लाखांतले शुल्क. ज्याला जागा आहे त्याला प्रशिक्षण अवघड, ज्याला प्रशिक्षण सोपे त्याला जागा नाही. वनगांच्या वेळचे वसतिगृह ही दरी भरून काढत होते. नवी रचना ते करत नाही, आणि मला हा तिचा सर्वात मोठा दोष वाटतो.

वाढवण बंदराचे उदाहरण घ्या. ७६,२२० कोटींचा प्रकल्प, भूमिपूजन ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरलाच झाले. त्यावर नेटके टिपण लिहिणारा फेलो मिळेल. पण किनाऱ्यावरच्या गावात मासेमारीच्या जागेचा प्रश्न विचारणाऱ्या बाईसमोर बसून उत्तर देणारा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच ओट्यावर येणारा कार्यकर्ता कोणत्या वर्गात घडतो?

परदेशात हे कसे चालते?

अमेरिकेत उजव्या विचारांच्या संस्थांनी हे काम मोठ्या चिकाटीने केले. इंटरकॉलेजिएट स्टडीज इन्स्टिट्यूट १९५३ ची, मॉर्टन ब्लॅकवेल यांची लीडरशिप इन्स्टिट्यूट १९७९ ची. कायद्याच्या विद्यार्थ्यांची फेडरलिस्ट सोसायटी १९८२ ची, म्हणजे म्हाळगी प्रबोधिनीच्याच वयाची. ट्रम्प यांनी पहिल्या कार्यकाळात सर्वोच्च न्यायालयावर नेमलेले तिन्ही न्यायाधीश याच वर्तुळातले. मात्र तिथे देणगीदार पैसे घालतात, अनेक फेलोंना विद्यावेतन मिळते. आणि तिथेही या संस्थांचे मोठे यश न्यायालये, संशोधन संस्था आणि प्रशासनात दिसते.

अर्ज करण्याआधी काय पाहावे?

प्रमाणपत्र कोणाचे आहे, विद्यापीठाची मान्यता आहे का, मागच्या तुकडीतले विद्यार्थी आज कुठे आहेत, आदिवासी विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत आहे का, हे थेट विचारावे. सरकारी फेलोशिप असेल तर मुदतीनंतर नोकरीची हमी नसते, हे धरून चालावे. वयाचे गणितही मांडून पाहावे. मुख्यमंत्री फेलोशिपसाठी किमान वय २१ आणि विधानसभेसाठी २५. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद लढवण्यासाठी मात्र २१ पुरते. ज्या वर्षी फेलोशिपचा अर्ज भरता येतो, त्याच वर्षी पंचायत समितीचाही भरता येतो.